५७ हर्ट्झ आणि शहाद्याचे पाहुणे

अमळनेरच्या आमच्या घराच्या गच्चीवर दहा बाय दहाची एक खोली आहे. दादर ज्वारीची कोठी, जादा गाद्या आणि टाकवत नाही असं सगळं सामान सांभाळणं हा तिचा मूळ धंदा. त्याच सामानात टेबल घुसवून मी अहिराणी हळदीच्या गाण्यांचं मिक्सिंग करतो. मी त्या खोलीला स्टुडिओ म्हणतो. माय कोठीघरच म्हणते.

सगळी मिक्सिंग हेडफोनवर चालायची आणि हेडफोनवर माझं प्रत्येक गाणं सोन्यासारखं वाजायचं. मग पारोळ्याच्या एका हळदीत डीजेवाल्याने त्यातलंच एक लावलं. धुम. धुम. धुम. बाकी काही नाही. चार टेक घेऊन ज्या गायकाचा घसा बसला होता, त्याचा एक शब्द कळेना. नवरदेवाचे मामा माझ्या कानाशी येऊन ओरडले, "गानं कोन म्हनी ऱ्हायना? आयकाले येस नही!" गायक माझ्या शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर मॉनिटर, म्हणजे स्टुडिओतले स्पीकर, घेण्याला पर्याय उरला नाही.

आबांना समजावलं, "घरातला स्पीकर गाण्याला पावडर लावून दाखवतो. मॉनिटर त्याला तोंड धुऊन समोर बसवतो."

"मंग बिगर मेकपना सस्ता पडाले पाहिजे!" आबा म्हणाले. यावर आजही माझ्याकडे उत्तर नाही.

मी त्यांना यामाहाच्या एनएस-१० ची गोष्टही सांगितली. १९७८ मध्ये तो घरात गाणी ऐकायचा स्पीकर म्हणून बाजारात आला. लोकांनी नाकं मुरडली. स्टुडिओवाल्यांनी मात्र उचलून टेबलावर मांडला, कारण यावर बरं वाजलं की कुठेही बरं वाजणार. त्याचा ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भोंगा, इतका चरचरायचा की कित्येक जण त्यावर टिश्यू पेपर चिकटवायचे. २००१ मध्ये तो बनायचा बंद झाला, तरी त्याच्या पांढऱ्या पडद्याचा दरारा गेला नाही. "म्हंजे वाईट वाजस म्हनीसन चांगला?" आबांनी विचारलं. होय, असंच काहीसं. आबा उठून बैठकीत गेले.

जळगावच्या दुकानात पहिला प्रश्न आला, "कितला वॅट?" मी म्हटलं, भाऊ, वॅट राहू दे, फ्लॅट पाहिजे, कुठलाच सूर फुगवून न दाखवणारा. त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि पाच इंची व आठ इंची अशा दोन जोड्या लावल्या. आठ इंची ऐकून माझे केस उभे राहिले. मग लक्षात आलं, गडी आठ इंचीचा आवाज चोरून थोडा वर ठेवत होता. कानाची खोडच अशी की आवाज जरासा वाढला तरी खालचे आणि अगदी वरचे सूर जास्त भरलेले वाटतात. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्येच याचे आलेख काढून ठेवलेत. दुकानदाराने आलेख पाहिले नसतील, पण बटण कधी फिरवायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दहा फुटांच्या खोलीत आठ इंची म्हणजे खाटेखाली म्हैस बांधणं. पाच इंची घेतली. पोरगा कंजूष निघाला, असा त्याचा चेहरा झाला.

घरी येऊन मांडणी केली. दोन स्पीकर आणि माझं डोकं यांचा समभुज त्रिकोण हवा, ट्वीटर कानाच्या उंचीला हवा. मी टेप घेऊन भिंती मोजतोय आणि स्पीकरखाली विटा सरकवतोय, हे पाहून आबांनी काळजीने विचारलं, "वास्तुवाला काही बोलना का?"

गाणं लावलं. बेस गायब! मोठ्या हौसेने बेस वाढवला. खाली जेवायला जायला उठलो, तर दारापाशी पारोळ्याची तीच धुम. परत खुर्चीत बसलो, गायब. मोबाइलवरून नुसता एक सूर सोडला आणि तळापासून हळूहळू वर नेला. ५७ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५७ कंपनांच्या, आसपास खुर्चीत शांतता, आणि कोपऱ्यातल्या कोठीचं झाकण थरथरायला लागलं. कोठीवर हात ठेवला की थांबायचं, काढला की पुन्हा झर्रर्र.

दोष स्पीकरचा नव्हता. दहा फूट अंतरात ५७ हर्ट्झची अर्धी लाट नेमकी मावते. ती भिंतींपाशी फुगते आणि मधोमध मरते, आणि माझी खुर्ची बरोबर मधोमध. त्यात खोली चौरस, म्हणजे लांबीचा आणि रुंदीचा दोष एकाच सुरावर. बरं, तो सूरही एका जागी राहील तर शपथ. हवा तापली की आवाज जोरात पळतो: २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, आणि आमच्या मे महिन्याच्या ४५ अंशांना ३५७ च्या वर. म्हणजे माझी खोली थंडीत एका पट्टीत आणि उन्हाळ्यात दुसऱ्या पट्टीत गाते.

खुर्ची मागेपुढे सरकवून थोडा फरक पडला. भिंतीला दोन गाद्या टेकवल्या, तर ट्वीटरची चमक तेवढी गेली आणि झाकण थरथरतच राहिलं.

अशात शहाद्याहून मावशी, काका आणि त्यांची चार पोरं सुट्टीला आली. मायने माझ्या दोन गाद्या तर नेल्याच, वर शेजारून पाच आणल्या, त्याही चांगल्या भरगच्च, खानदेशी कापसाच्या. त्या तीन दिवसांत स्टुडिओचा विषय काढण्याचीही सोय नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी चार्जर घ्यायला वर गेलो. मावशीने सगळ्या गाद्या, गोधड्या, उशा स्पीकरमागच्या दोन कोपऱ्यांत पार स्लॅबपर्यंत रचून ठेवल्या होत्या. सहज तेच हळदीचं गाणं लावलं. ढोलकीची थाप आली, पडली आणि निघून गेली. मागे रेंगाळली नाही. गायकाचा शब्द न् शब्द कळत होता. कोठीकडे पाहिलं. झाकण गप्प.

खाली मावशी पिशव्या भरत होती. "निंघतस आम्ही, बापू."

"छे! खापरावरच्या पुरणपोळ्या न् आमरस खाल्ल्याशिवाय? रविवारपर्यंत थांबा," मी म्हणालो. "आणि मावशी, सकाळी गाद्या तूच रच. मला तसं जमत नाही."

काकांनी लगेच पिशवी खाली ठेवली. जन्मात कधी पाहुण्यांना थांबवलं नाही असा मी. माय स्वयंपाकघरातून पिठाच्या हाताने बाहेर आली आणि मनगट माझ्या कपाळाला टेकवून पाहू लागली.