हॅरिएट एब्रम्स: ‘गाणीच तर लिहिली’ या आक्षेपाच्या निमित्ताने

सप्रेम नमस्कार. अठराव्या शतकातील इंग्रज गायिका हॅरिएट एब्रम्सवरील माझ्या लेखाबद्दल आपले दोन आक्षेप आहेत: पाच वर्षांतच रंगभूमीवर तिचा निभाव लागेनासा झाला आणि पुढे ती प्रख्यात संगीतकार हेडनच्या नावावर तरली, शिवाय चार गाणी लिहिणाऱ्या गायिकेला ‘संगीतकार’ म्हणणे ही अतिशयोक्ती आहे.

पहिल्या आक्षेपाला वाव माझ्याच वाक्याने दिला, हे मान्य करते. ‘१७८० मध्ये तिने रंगभूमी सोडली’ एवढेच लिहून मी पुढे गेले. वास्तविक, गुरू थॉमस आर्न यांनी संगीत दिलेल्या ‘मे डे’ या छोट्या नाटकातून १७७५ साली लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहात पदार्पण केलेल्या या गायिकेने सोडले ते नाटक, गाणे नव्हे. १७८४ मध्ये लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये संगीतकार हँडेलच्या स्मरणार्थ झालेल्या महोत्सवात ती गायली. त्याच पिढीतली गायिका एलिझाबेथ लिन्ली हिचे जाहीर गाणे १७७३ मध्ये नाटककार शेरिडनशी लग्न होताच नवऱ्याच्या इच्छेखातर थांबले होते, हे लक्षात घेतले तर एब्रम्सची वाटचाल निभाव न लागलेल्या गायिकेची वाटत नाही.

हेडन १७९२, १७९४ आणि १७९५ साली तिच्या बेनिफिटच्या मैफलींत पियानोवर बसला, हे खरेच. पण बेनिफिट (हा शब्द आपल्या नाटक मंडळ्यांनाही चांगला परिचयाचा होता) म्हणजे खर्च वजा जाता उरेल ते त्या कलाकाराचे. हेडनच्या नावाने तिकिटे खपली असतील. म्हणून मैफल हेडनची होत नाही.

आता ‘चार गाण्यां’विषयी. मॅथ्यू लुईसच्या शब्दांना तिने चाल दिलेले ‘क्रेझी जेन’ घ्या. प्रियकराने टाकल्याने वेडी झालेली जेन, तिला पाहून भ्यालेल्या एका तरुणीला आपली कहाणी सांगते, एवढाच त्याचा विषय. हे गीत इतके लोकप्रिय झाले की रस्त्यावरच्या, दांडा फिरवून वाजवायच्या बाजाच्या पेट्यांवर (बॅरल ऑर्गनवर) ते वाजू लागले आणि त्याच्या नावाची टोपीही बायकांच्या डोक्यावर आली. १८०३ मधला तिचा गीतसंग्रह तर इंग्लंडच्या राणी शार्लटला अर्पण केलेला आहे. सिम्फनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) लिहिली नाही म्हणून संगीतकार नाही, हा निकष मला तरी पटत नाही. घरच्या पियानोशी बसून गाता येईल अशी चाल बांधणे हे वेगळे कसब आहे आणि ते तिला साधले होते.

१७८० चे ते वाक्य मात्र लेखात दुरुस्त केले आहे.