पहिली ओटी सासूबाईंच्या हातून

सणात घरच्यांचं मन राखायला आपण आपली मतं गिळतो, हे एका लेखात वाचलेलं वाक्य मनाला लागलं. आमच्याकडे गौरी असतात. पुरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, पंचवीस माणसं. सासरे गेले त्या वर्षी सासूबाई पहाटे चारपासून पुरण वाटत होत्या, आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या तशा आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसल्या. पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून मी गप्प राहिले. त्याची बोच अजून आहे.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ती बातमी मी घरात सगळ्यांना वाचून दाखवली. कुणी काही बोललं नाही. त्या वर्षी गौरींच्या हळदीकुंकवाला मी कोयरी आधी सासूबाईंपुढे धरली. त्यांचा हात इतका थरथरत होता की कुंकू पदरावर सांडलं. चुलत सासूबाई न जेवता गेल्या, जाऊबाईंनी दिवाळीपर्यंत अबोला धरला. वाईट वाटलं, खूपच. पण ज्या हातचं पुरण चालतं त्या हातची ओटी चालत नाही, हे मला पटणं शक्यच नाही. आता पहिली ओटी सासूबाईच भरतात.