काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर : ‘गद्दार ग्वाल्हेर’बद्दल

नमस्कार काका,

वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं की, ‘गद्दार ग्वाल्हेर’ ही, म्हणजे १८५७च्या उठावात ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी इंग्रजांना साथ देऊन दगा दिल्याची गोष्ट रचलेली आहे असं माझ्या लेखात लिहून मी शिंद्यांना पाठीशी घातलं; आणि सगळंच रचलेलं असेल तर खरं काय उरलं?

‘रचलेली’ हा शब्द मी सैलपणे वापरला, हे कबूल. मला ‘खोटी’ म्हणायचं नव्हतं. ग्वाल्हेरचे तेव्हाचे महाराज जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूने होते, यात वादच नाही. पण १ जून १८५८ला ग्वाल्हेरशेजारच्या मुरारजवळ ते तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाईंच्या फौजेवर चालून गेले, तेव्हा त्यांचे बहुतेक शिपाई समोरच्या बाजूला जाऊन मिळाले. महाराजांना आग्रा गाठावं लागलं. तात्यांनी आधीच गुपचूप येऊन शिपायांची मनं वळवली होती. ते शिपाई ग्वाल्हेरचे नव्हते का? मी राहते त्या लष्कर भागाचं नावच दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडलंय, आणि गोष्टीतून नेमकं लष्करच गाळलं जातं.

आमच्या घरची गोष्टही अर्धीच होती. आजी मेथी निवडता निवडता सांगायची, “महाराजांनी शहर वाचवलं गं.” तिच्या गोष्टीत १ जून कधी आलाच नाही. इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला १८८६पर्यंत आपल्याच ताब्यात ठेवला आणि झाशीच्या बदल्यात परत दिला, हेही नाही.

सातवीत होते. सरांनी धड्यातला तो भाग वाचला आणि वर्गातली डोकी माझ्याकडे वळली. मागून कुणीतरी पुटपुटलं, “दक्षिणी गद्दार.” दक्षिणी म्हणजे आम्ही इथले मराठी लोक. सर पुढे वाचत राहिले. ते वर्षभर मी वह्यांवर आडनाव घातलं नाही. राणी माहेरच्या तांबे, तात्या मूळचे येवल्याचे, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मागे वळून उत्तर दिलं असतं.

माझा आक्षेप इथे आहे, काका. एका राजाचा निर्णय दीडशे वर्षांनी बारा वर्षांच्या मुलीच्या आडनावाला चिकटतो, तो नुसत्या घटनेमुळे नाही. गोष्ट कुठून सुरू करायची, कुणाला वगळायचं, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. जयाजीरावांना जाब जरूर विचारा, मीही विचारते. फक्त तो सगळ्या दक्षिण्यांना विचारू नका.

तुमच्यामुळे मूळ लेखातलं वाक्य आज बदललं. ‘रचलेली’ काढून ‘शिपायांना वगळून सांगितलेली’ असं केलंय.