व्हीआर चष्म्याने चक्कर ‘कायमची’ जात नाही : खुलासा

“मोबाइल व्हीआर चष्म्यात घालून रोज अर्धा तास गेम खेळा, चक्कर कायमची बंद” हा मेसेज लातूर-नांदेडकडच्या ग्रुपांवर फिरतोय. तो अर्धवट आहे. व्हीआर चष्मा म्हणजे डोळ्यांवर बांधायचा, आभासी दृश्य दाखवणारा चष्मा.

कूस बदलताना काही सेकंद घर गरगरतं, ती चक्कर बहुधा कानातले कॅल्शियमचे कण नलिकेत सरकल्याने येते. चष्म्याने ते जागेवर येत नाहीत. त्यासाठी डॉक्टर रुग्णाचं डोकं ४५ अंश वळवून त्याला एप्ली पद्धतीने आडवं करतात.

व्हीआरचा उपयोग होतो तो कानातली तोलाची यंत्रणा कमजोर झाल्यावर, तोही फिजिओथेरपिस्टसमोर. आधी बसून एक-दोन मिनिटं, मग उभं राहून. तोल गेला तर आधाराला मागे भिंत, पुढे खुर्ची. मान वळवल्यावर चित्र उशिरा सरकलं की मळमळतं, स्वस्त चष्म्यात तर हमखास.

चकरेसोबत जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं तर थेट दवाखाना गाठा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.