दर तासाला सूर्यास्त

मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात शहाणा माणूस कूलरसमोरून उठत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी मी कूलरसमोर बसून दुसऱ्या कवितासंग्रहाचे हस्तलिखित संगणकावर उतरवीत होतो. तेवढ्यात पडद्यावरचा फुटाळा तलाव, त्यामागच्या तांबूस सूर्यास्तासकट, नाहीसा झाला आणि मागे उरला तो काळाकुट्ट अंधार. कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ उमटली होती; तिचा आशय असा की, आपण बनावट सॉफ्टवेअरचे बळी ठरला असण्याची शक्यता आहे. मी फुटाळा पुन्हा लावला. बरोबर तासाभराने पुन्हा अंधार. रात्रीपर्यंत माझ्या घरात पाच वेळा सूर्य बुडाला.

‘बळी’ हा शब्द मला फार आवडला. चोराला चोर न म्हणता इतक्या अदबीने बोलण्याची कला आपल्याकडे फक्त सोयरिकीच्या बैठकीत दिसते. मी तो शब्द सौभाग्यवतीला मोठ्याने वाचून दाखवला. “बळी कसले? तीनशे रुपये देऊन त्या संगणकवाल्या पोराकडून तुम्हीच तर विंडोज टाकून घेतलं,” ती म्हणाली. त्याच सकाळी गोकुळपेठ बाजारातल्या भाजीवालीने पाच रुपये जास्त परत केल्याचे घरी आल्यावर लक्षात आले, तेव्हा ते द्यायला मी उन्हात पुन्हा बाजारात गेलो होतो आणि ही हकीकत सौभाग्यवतीला तीनदा ऐकवली होती. आता ती तिने मला एकदाच ऐकवली.

यावर माझ्याजवळ युक्तिवाद होता. भाजीवालीचे पाच रुपये मी ठेवून घेतले तर तिच्या गल्ल्यात पाच रुपये कमी होतात. सॉफ्टवेअरची प्रत काढली तर ज्याचे त्याच्याकडे जसेच्या तसे राहते, मग चोरी झाली कशाची? दुपारी हे मला पूर्ण पटले. रात्री मात्र पहिल्या संग्रहाची आठवण झाली. कोणी तो झेरॉक्स करून गावभर वाटला, तरी माझ्या प्रती दिवाणाखाली जशाच्या तशा राहतील, पण म्हणून मी गप्प बसलो असतो काय? (बसलो असतो. खरे तर पेढे वाटले असते. पण ती गोष्ट वेगळी.)

आमचे शेजारी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतात. त्यांच्यापुढे हा युक्तिवाद मांडल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितले की, १९५७च्या कॉपीराइट कायद्यात आता संगणकाचा प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’ या व्याख्येत येतो. माझ्या संग्रहाला इतक्या वर्षांत कोणी साहित्यकृती म्हटले नव्हते; तो मान मला हिशेब ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या पंक्तीला बसून मिळाला. मी सीडीवर जपून ठेवलेल्या जादा प्रतीचा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले की, सांभाळून ठेवण्यासाठी प्रत काढायची मुभा कायद्याने जरूर दिली आहे, पण ती ज्याच्याकडे मूळ प्रत रीतसर आलेली आहे त्याला. मग कलम ६३-बी निघाले. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. मात्र वापर धंद्यातल्या फायद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता ५०,००० रुपयांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते.

“तुम्हाला काळजी नाही,” वकीलसाहेब म्हणाले. “फायदा नव्हता हे सिद्ध करायला तुमच्या दिवाणाखालचे गठ्ठे पुरेसे आहेत.”

त्या रात्री मी या विषयावर बरेच वाचले. फेब्रुवारी १९७६मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, बिल गेट्सने संगणकाच्या हौशी मंडळींना उघडे पत्र लिहून, तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता, असे तोंडावर सुनावले होते. अल्टेअर संगणक घेणाऱ्यांपैकी दहातल्या एकानेही त्याची बेसिक ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा विकत घेतली नव्हती. बाकीच्यांनी ती ज्यावर साठवलेली असे त्या कागदी पट्टीवरून प्रती काढून परस्पर वाटल्या होत्या, आणि मिळालेल्या मानधनाचा हिशेब त्याच्या मते ताशी दोन डॉलरच्याही आत येत होता. पत्र वाचून मला त्याची कीव यायला हवी होती. आला तो हेवा. त्याचे लिहिलेले लोक निदान रात्र जागून चोरत होते.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला. “काका, तुमी काऊन टेन्शन घेता? दहा मिनिटांत नवीन मारून देतो. पहिले तो अँटिव्हायरस बंद करा.” म्हणजे चोराला आत घेण्याआधी कुत्रा बांधून ठेवायचा. मी म्हणालो, आपण ओरिजिनल घेऊ. तो माझ्याकडे उन्हाने भोवळ आलेल्या माणसाकडे पाहावे तसे पाहत राहिला. “ओरिजिनल कोण घेते, काका?” किंमत ऐकल्यावर हा प्रश्न मलाही रास्त वाटू लागला. मग मी रात्री वाचलेले, विंडोजच्या जागी चालणारे लिनक्स काढले : १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलेले, विनामूल्य, आणि ज्याच्या परवान्यातच लिहिले आहे की वापरा, बदला, प्रती काढा, वाटा. मुलाने नाक मुरडले. “फुकटच्यात काय दम असन?” तीनशे रुपये मोजून घेतलेल्या चोरीवर त्याचा विश्वास होता, हक्काने फुकट मिळणारी वस्तू त्याला संशयास्पद वाटत होती. बराच वेळ घासाघीस होऊन, मजुरी तीनशेच राहील या अटीवर, त्याने लिनक्स टाकले. फुटाळ्यावरचा सूर्य तेव्हापासून जागचा हललेला नाही.

लिनक्स चढेपर्यंत त्याने दिवाणाखालून एक प्रत ओढून चार पाने वाचली आणि चक्क “भारी आहे काका” असे म्हटले. मी घाईघाईने सांगितले की किंमत ऐंशी आहे, पण तुला पन्नासला देईन.

“विकत कोण घेते, काका? पीडीएफ असन तर पाठवा, ग्रुपवर टाकतो.”

छापखान्याकडून आलेली पीडीएफ मी त्याच रात्री त्याला पाठवली. आठवडा वाट पाहून, सहज म्हणून, फोन केला आणि ती पुढे कुठवर गेली असे विचारले.

“नाही ना काका, फोन फुल्ल झाला होता. डिलीट मारली.”