टीईटी, पवित्र आणि ‘नोंदणीकृत’ माध्यमिक शिक्षक

कोणत्याही संस्थेतून बी.एड. करावे, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण व्हावे आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नोंदणी करावी, की उमेदवार महाराष्ट्रातील कोणत्याही माध्यमिक शाळेसाठी सरकारमान्य ‘नोंदणीकृत शिक्षक’ ठरतो, असे सांगणारा संदेश भावी शिक्षकांमध्ये सर्रास फिरत असतो. त्यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

प्रथम टीईटी. ही परीक्षा शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ खाली, २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आली. नववी-दहावीची अर्हता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांत आहे: पदवी किंवा पदव्युत्तर पदवीला किमान ५० टक्के गुण आणि बी.एड. (चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमासारखे पर्यायही त्यात आहेत). टीईटीची अट तेथे नाही. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ‘सर्वांनाच टीईटी’ असे म्हटले जाऊ लागले, पण तो निकालही पहिली ते आठवीच्या शिक्षकांबाबतचा आहे. गोंधळाचे मूळ बहुधा आपल्या शाळांच्या रचनेत असावे, कारण पाटीवर ‘माध्यमिक विद्यालय’ असले तरी आत वर्ग अनेकदा पाचवीपासून भरतात आणि सहावी ते आठवीच्या पदावर येणाऱ्याला टीईटीचा दुसरा पेपर लागतोच. नियुक्ती कोणत्या गटासाठी आहे, हे आधी पाहावे.

‘कोणत्याही संस्थेतून बी.एड.’ हे तर सरळ घातक आहे. १९९३ च्या परिषद कायद्याच्या कलम १७(४) नुसार मान्यता नसलेल्या संस्थेतून मिळवलेली शिक्षक-प्रशिक्षणाची पदवी सरकारी किंवा अनुदानित शाळेतील नोकरीसाठी वैध अर्हता मानली जात नाही. प्रवेशापूर्वी तपासायची गोष्ट नोकरीच्या वेळी उघड झाली, तर दोन वर्षे आणि शुल्क दोन्ही वाया जाते.

राहिली नोंदणी. डॉक्टरांची वैद्यक परिषदेकडे किंवा वकिलांची बार कौन्सिलकडे होते तशी, व्यवसाय करण्याचा परवाना देणारी शिक्षकांची वैधानिक नोंदणी महाराष्ट्रात नाही. अध्यापक शिक्षण परिषद अभ्यासक्रमांना मान्यता देते आणि किमान अर्हता ठरवते, ती व्यक्तींना परवाने देत नाही. पवित्र पोर्टल ही भरतीची यंत्रणा आहे: शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी दिलेला उमेदवार तेथे स्वतःची माहिती भरून स्वप्रमाणित करतो, पसंतीक्रम देतो आणि त्याची निवड या चाचणीतील गुण, विषय, माध्यम व आरक्षण यांवर ठरते. २०० गुणांच्या या चाचणीचा त्या संदेशात उल्लेखही नसतो. कागदपत्रांची पडताळणी पुढे होते, त्यामुळे पोर्टलवर नाव दिसते म्हणून अर्हता सिद्ध झाली, असे होत नाही.

निवडीनंतरही खासगी अनुदानित शाळेत शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता घ्यावी लागते आणि शालार्थ या वेतन प्रणालीत नाव आल्याशिवाय वेतन सुरू होत नाही. ती मान्यताही विशिष्ट शाळेतील विशिष्ट पदापुरतीच असते.