आदल्या दिवशीचा स्वयंपाक विषारी नसतो

सणासुदीचे दिवस जवळ आले की एक संदेश फोनवर फिरायला लागतो: ‘सणाचं जेवण त्याच दिवशी रांधा. रात्र उलटलेलं अन्न बाधतं, गरम पदार्थ फ्रीजमध्ये नासतो, पुन्हा गरम केलं की विष होतं, सत्त्व आणि चव दोन्ही जातात.’ हे वाचून वीस माणसांचा स्वयंपाक पहाटेपासून एकटीने उपसणाऱ्या आणि पंगत बसेपर्यंत उभं राहण्याचंही त्राण न उरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. म्हणून यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

रात्र उलटल्याने अन्न बाधत नाही. जिवाणूंना तारीख कळत नाही, तापमान कळतं. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये ते झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं आणि तिथलं तापमान 4-5 अंशांच्या आत असलं, तर बहुतेक पदार्थ तीन दिवस निर्धोक राहतात. उलट सकाळी सातला शिजवून ओट्यावर झाकून ठेवलेला आणि दुपारी दोनला वाढलेला भात ‘ताजा’ म्हणवतो, पण सात तास त्याच धोक्याच्या पट्ट्यात बसलेला असतो. उन्हाळ्यात, 32 अंशांच्या वर, दोनाऐवजी एकच तास धरावा. सगळं एकाच दिवशी उरकायच्या धावपळीत नेमकी हीच चूक होते.

गरम पदार्थ फ्रीजमध्ये नासतो, हेही खरं नाही. अडचण येते ती मोठ्या पातेल्यामुळे. काठोकाठ भरलेलं पातेलं मधून थंड व्हायला कित्येक तास घेतं आणि शेजारच्या वस्तूही कोमट करतं. तोच पदार्थ दोन-तीन बोटं खोलीच्या पसरट भांड्यांत काढा, वाफ जिरली की आत ठेवा. घाई असेल तर भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहा.

पुन्हा गरम केल्याने विष होतं, या दाव्यात मात्र एक खरी गोष्ट दडलेली आहे. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत. भात बराच वेळ बाहेर राहिला की ते रुजतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष नंतर कितीही उकळलं तरी नष्ट होत नाही. म्हणजे दोष गरम करण्याचा नाही, त्याआधी बाहेर ठेवण्याचा आहे. लागेल तेवढंच बाहेर काढावं, एकदाच गरम करावं, आणि मधोमधसुद्धा 75 अंशांपर्यंत, म्हणजे चांगली वाफ येईपर्यंत तापवावं.

सत्त्वाचं म्हणाल तर क जीवनसत्त्व थोडं कमी होतं, पण ते पहिल्यांदा शिजवतानाही होतंच. प्रथिनं, खनिजं, तंतू कुठे जात नाहीत.

चवीबद्दल सरसकट बोलताच येत नाही. रस्सा, सूप, मसाल्यात मुरायचे पदार्थ दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात. यीस्टचं पीठ फ्रीजमध्ये रात्रभर सावकाश फुगलं की त्याला वेगळीच चव येते. तळलेलं मात्र ओलं पडतं, ते त्याच दिवशी तळावं. कोशिंबिरीला मीठ आधी लावलं तर भाज्यांना पाणी सुटतं. चिरून ठेवा, मीठ ताटं मांडताना लावा. सोललेले बटाटे पाण्यात बुडवून ठेवले तर काळे पडत नाहीत.

मी यादी उलटी लिहिते: पंगतीची वेळ आधी, मग तिथून मागे मागे येत कशाला किती वेळ लागेल ते. गोठवलेलं मांस असेल तर यादी दोन दिवस आधीच सुरू होते, कारण दोन-अडीच किलोचा तुकडा फ्रीजमध्ये वितळायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. सणाच्या सकाळसाठी मग तळण, कोशिंबीर आणि गरम करणं एवढंच उरतं, आणि ते तीन जणांत सहज वाटून घेता येतं.